एक कागद कमी आहे

१६ जुलै, सोमवार

बीपी १४८/९२.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी आकडा लिहा आणि कशानं वाढला असं वाटतं तेही लिहा. मी म्हटलं, कशानं ते आत्ताच सांगते, वही कशाला हवी. तर म्हणाल्या, लिहाच. म्हणून ही वही. सकाळी घरात मान वर करायला सवड नसते. आकडा हातावर पेनानं लिहून आणायचा आणि दीड ते दोन खिडकी बंद असते तेव्हा इथे उतरवायचा, असं ठरवलंय. किती दिवस टिकतंय बघू.

तर कशानं. कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं मी तीन नंबरच्या खिडकीत बसते. एक नंबर फी, दोन नंबर परीक्षा. तीन नंबर म्हणजे प्रवेश, विषयबदल, दाखले आणि बाकी जे कुठेच बसत नाही ते सगळं. कुणाला काही सुचलं नाही की 'तीनला जा'. काचेतलं बोलायचं भोक ज्या कुणी पाडलं त्यानं ते माझ्या तोंडासमोर न पाडता गळ्यासमोर पाडलं, त्यामुळे दिवसभर मान वाकडी करून बोलावं लागतं. रात्री उशीवर मान टेकवत नाही. हेही लिहायचं का, ते विचारायचं राहिलं.

आणि लेक गेली. आज आठवा दिवस. विद्यापीठ आमचंच, कॉलेज दुसऱ्या गावचं, बसनं साडेचार तास. हॉस्टेलला राहते, संख्याशास्त्र घेतलंय. तिला भूगोल हवा होता. लहानपणापासून वहीच्या मागच्या पानावर गल्ल्यांचे नकाशे काढत बसायची, तिचे बाबा तिला 'नकाशेबाई' म्हणतात. मी म्हटलं, भूगोल घेऊन काय पोस्टमन होणारेस? हे हसले. ती नाही हसली. शेवटी फॉर्म मीच भरला. माझं अक्षर चांगलं आहे आणि रकाने चुकत नाहीत.

घर नुसतं खायला उठतं.

१८ जुलै, बुधवार

बीपी १४६/९०.

प्रिन्सिपॉल साहेबांनी आत बोलावलं. मला वाटलं कुणीतरी तक्रार केली. तर म्हणाले, पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी पुस्तिका छापतोय, त्यात दहा सूचना तुम्ही लिहा. गेल्या वर्षी एका प्राध्यापकांकडून लिहून घेतल्या होत्या, त्यात 'ज्ञानसागर' शब्द चार वेळा आला होता आणि मुलांनी त्या पानांची विमानं केली. "तुम्ही बावीस वर्षं त्यांची तोंडं बघताय," म्हणाले, "तुम्हाला जे माहीत आहे ते कुणालाच माहीत नाही."

स्वागताचा कार्यक्रम एक सप्टेंबरला. आमच्याकडे स्वागतसुद्धा यादी पक्की झाल्याशिवाय होत नाही, आणि यादी पक्की होते एकतीस ऑगस्टला. विषय बदलायची शेवटची तारीखही तीच, सगळ्या विद्यापीठात एकच. त्यानंतर साक्षात कुलगुरू आले तरी त्या वर्षापुरता विषय बदलत नाही.

नाही म्हणणार होते. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत तीन लिहिल्यासुद्धा.

१. वेळापत्रकाचा फोटो काढू नका. हातानं उतरवून घ्या, म्हणजे डोक्यात राहील.
२. पहिल्या आठवड्यात ज्याच्या शेजारी बसाल त्याच्याच शेजारी तीन वर्षं बसाल. जरा बघून बसा.
३. खिडकीवर याल तेव्हा स्वतःचं म्हणून विचारा. 'माझी एक मैत्रीण आहे' असं म्हणू नका. ती मैत्रीण कोण ते आम्हाला माहीत असतं.

ही तिसरी लिहिताना मलाच हसू आलं. बावीस वर्षांत एकाही मुलीला स्वतःची अडचण आलेली नाही. हॉल तिकीट हरवतं ते मैत्रिणीचं. हजेरी कमी भरते ती मैत्रिणीची. आणि विचारताना कान लाल होतात ते मात्र हिचे. घरी जेवताना मी सांगायचे, आज चार मैत्रिणी येऊन गेल्या, की लेक खुदुखुदु हसायची.

२३ जुलै, सोमवार

बीपी १४४/९०. उतरतोय.

काल रविवार, लेकीचा फोन. जेवण बरं आहे, खोलीला खिडकी आहे, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. मी विचारलं, अभ्यास? म्हणाली, चाललाय. कुणी मैत्रीण झाली का? जरा थांबून म्हणाली, "हो, एक झालीये." मला किती हायसं वाटलं. पोर बुजरी, मला तीच धास्ती होती. म्हणाली, "पण आई, तिला वर्गात काहीच कळत नाही गं. फळ्यावरचं उतरवून घेते नुसती. मग लायब्ररीत जाऊन बसते." मी म्हटलं, तू समजावून सांग तिला, तुझाही अभ्यास होईल. "बरं," म्हणाली.

ह्यांना सांगितलं. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, रविवारीसुद्धा काचा घासत बसतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी जाऊन येऊ या का?" मी स्पष्ट नाही म्हटलं. पहिले दोन महिने आईबापांनी तोंड दाखवायचं नाही, नाहीतर पोर रुळत नाही. हीच चौथी सूचना केली. चार नंबर पालकांसाठी.

२६ जुलै, गुरुवार

आकडा हातावर लिहिला होता, हात धुताना गेला. दीडशेच्या आसपास.

आज पिवळ्या दप्तराची एक मुलगी आली होती, विषयबदलाचा फॉर्म घेऊन. ही 'मैत्रीण' म्हणाली नाही, सरळ म्हणाली, "मला बदलायचाय. मला रसायनशास्त्र जमत नाहीये." फॉर्म व्यवस्थित भरलेला, वडिलांची सही होती, गुणपत्रिकेची प्रत, फोटो, सगळं जोडलेलं. मी पानं उलटली आणि म्हटलं, "एक कागद कमी आहे. आठ दिवसांनी ये."

इथे हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर डॉक्टरीणबाईंना वाटेल मी दुष्ट आहे. आमचे जुने हेडक्लार्क, सगळं ऑफिस त्यांना अण्णा म्हणायचं, त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. विषयबदलाचा फॉर्म पहिल्या खेपेला घ्यायचा नाही. सगळं बरोबर असलं तरी एक कागद कमी आहे म्हणायचं आणि आठ दिवसांनी बोलवायचं. पहिल्या महिन्यात पोरं घाबरलेली असतात, रडत येतात. आठ दिवसांत निम्मी रुळतात आणि परत येतच नाहीत. जी येतात त्यांना खरंच बदलायचं असतं, त्यांचा घ्यायचा. अण्णा म्हणायचे, आपण पोरांचं वर्ष वाचवतो, आणि त्यांना कळतसुद्धा नाही.

मुलीनं विचारलं, "कुठला कागद?" हे सहसा कुणी विचारत नाही. मागे रांग दारापर्यंत गेलेली. मी म्हटलं, "घरी विचार, वडिलांना माहीत असेल."

ती गेली. मान फार दुखतेय आज.

३० जुलै, सोमवार

बीपी १५०/९२.

कालचा फोन लांबला. लेकीच्या त्या मैत्रिणीला विषय बदलायचाय. घरी सांगायची भीती वाटते, घरच्यांनी मोठ्या हौसेनं हा विषय घेऊन दिलाय म्हणे. मला विचारत होती, काय काय लागतं. आता हे माझ्या हातचं काम. सगळं सांगितलं: फॉर्म, पालकांची सही, गुणपत्रिका, नव्या विषयाच्या विभागप्रमुखांची सही, एकतीस ऑगस्टच्या आत. आणि वर म्हटलं, "पण तिला सांग, घाई नको. तीन आठवड्यांत कसला विषय कळतो? असल्या रोज दहा येतात माझ्याकडे. घरचे काही शत्रू नसतात."

"म्हणजे तिनं नको बदलायला?"

"मी असते तिची आई, तर सही दिली नसती."

ठेवते म्हणाली.

ह्यांनी विचारलं, "नाव काय त्या मैत्रिणीचं?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी काय तिचा दाखला काढतेय? "एवढ्या गोष्टी सांगते आणि नाव सांगत नाही?" असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, खिडकीतलं मला शिकवू नका, मी तुम्हाला काचा घासायला शिकवते का? मग ह्यांनी तोंडाला कुलूप लावलं ते झोपेपर्यंत.

लेक माझी दुसऱ्यांसाठी किती जीव टाकते, हेच मनात येत होतं.

६ ऑगस्ट, सोमवार

बीपी १५२/९४. मिठावर डॉक्टरीणबाईंनी आधीच गदा आणली आहे, आता आणखी काय सोडू?

काल फोनवर लेक म्हणाली, मैत्रिणीनं धीर केला, फॉर्म भरला. पालकांच्या सहीची जागा मोकळी ठेवली, आधी विचारून तरी यावं म्हणून खिडकीवर गेली. तर तिथल्या बाईंनी फॉर्म नीट बघितलासुद्धा नाही. म्हणाल्या, एक कागद कमी आहे, आठ दिवसांनी ये.

मी हसले. अगदी मोठ्यानं. म्हणजे तिकडेही कुणीतरी अण्णांच्या हाताखाली शिकलेलं दिसतंय. लेकीला सगळी गोम सांगितली, कागदबिगद काही नसतो, ही आमची पद्धत आहे, निम्मी पोरं परत येत नाहीत आणि त्यांचं भलंच होतं. "बाई बरोबर वागली," म्हटलं. "सांग तुझ्या मैत्रिणीला, आठ दिवस गप बस आणि वर्गात जा."

"बरं," म्हणाली. हल्ली 'बरं' फार म्हणते. आधी दहा प्रश्न विचारायची. मोठी होतेय.

फोन ठेवताना म्हणाली, "आई, मी तुला मैत्रिणीचं सांगते ते तुला कळतंय ना?" मी म्हटलं, बावीस वर्षं दुसरं काय करतेय बाळा?

१४ ऑगस्ट, मंगळवार

बीपी १४८/९२.

रविवारी फोन आला नाही. मेसेज आला, 'अभ्यास आहे.' चला, लागली मार्गाला. ह्यांना दाखवला मेसेज. ह्यांनी चष्मा काढून वाचला, घालून वाचला, आणि परत दिला.

पिवळ्या दप्तराची मुलगी परत आली नाही. तिचा फॉर्म माझ्याकडे नाही, पण चेहरा लक्षात आहे, म्हणून लक्षात आलं. आणखी एक रुळली.

शिपाईमामांनी विचारलं, बाई, तुमच्या दहा सूचना कुठवर आल्या? म्हटलं, पाचवर अडकल्यात. पाचवी अशी: भूक लागली की खा, रडू आलं की रडा, पण दोन्ही वर्गाबाहेर. मामा म्हणाले, ही छापणार नाहीत. मी म्हटलं, बघू या.

२० ऑगस्ट, सोमवार

बीपी १५४/९४. वाढायचं कारण: काहीच नाही. खरंच काही झालेलं नाही.

काल फोन मीच केला. आवाज बसलेला वाटला, म्हणाली सर्दी. मी विचारलं, ती तुझी मैत्रीण, गेली का परत खिडकीवर?

"नाही गेली."

"बघ. म्हटलं नव्हतं?"

"हो. म्हणाली होतीस."

आज सहावी सूचना लिहिली आणि मग बाकीच्या चारही भरभर झाल्या. सहावी मला सगळ्यात जास्त आवडलीय:

६. पहिल्या महिन्यात विषय चुकला असं सगळ्यांनाच वाटतं. फॉर्म आणायला धावू नका. आठ दिवस थांबा, आपोआप जातं.

प्रिन्सिपॉल साहेबांनी वाचून टेबलावर थाप मारली. म्हणाले, याला म्हणतात अनुभव. पाचवीसुद्धा ठेवली.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

पुस्तिका छापून आल्या. सहाशे चाळीस. माझ्या खुर्चीमागे रचून ठेवल्यात, पाय पसरायला जागा नाही. खाली लिहिलंय, 'सूचना: तीन नंबरची खिडकी.' घरी एक नेली. हे सहावीवर बोट ठेवून बसले. म्हणाले, "छान छापलंय." एवढंच.

बीपी मोजला नाही.

३० ऑगस्ट, गुरुवार, दीड वाजता

बीपी सकाळी १५०. आता मोजला तर काय येईल कोण जाणे.

अकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. हातात कापडी पिशवी, कागदांनी फुगलेली. म्हणाले, मुलीचा दाखला काढायचाय, कॉलेज सोडतेय ती. नाव बघून फाइल काढली, फोटो बघितला. पिवळं दप्तर.

मी विचारलं, का सोडतेय? हे विचारायचं नसतं, फॉर्मवर 'वैयक्तिक कारण' लिहितात. पण विचारलं. म्हणाले, जेवण टाकलंय तिनं, अंथरुणातून उठतच नाही, डॉक्टर म्हणाले वर्षभर घरीच राहू दे. मग मान वाकवून त्या भोकातून अगदी हळू म्हणाले, "बाई, एक विचारू का? ती तुमच्याकडे एकदा आली होती. तुम्ही म्हणालात एक कागद कमी आहे, वडिलांना माहीत असेल. मला नाही आठवलं हो. मी सगळं घर उलथंपालथं केलं. ती म्हणाली, राहू दे बाबा, आपल्याकडे नसेलच. आणि मग परत गेलीच नाही." पिशवी वर उचलून काचेला टेकवली. "हे सगळं आणलंय. लसीकरणाचा कागदसुद्धा आहे. यातला कुठला होता?"

मी म्हटलं, "आता लागणार नाही तो."

"तरी सांगा. सापडला तर पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."

मी म्हटलं, बघून कळवते. दाखल्यावर शिक्का मारला, दोनदा मारावा लागला, पहिला उमटला नाही. जाता जाता म्हणाले, "चूक माझीच आहे. आधी पंधरा दिवस ती घरी सांगत होती, वर्गातल्या एका मुलीला विषय झेपत नाही, तिला रडू येतं. मी म्हणायचो, अरेरे. मग एक दिवस म्हणाली, बाबा, ती मुलगी म्हणजे मीच आहे. तेव्हा कळलं. नशीब, माझी सही तरी वेळेवर झाली."

त्यांच्यामागे एकोणीस जण होते. सगळ्यांचं केलं. आता खिडकी बंद केलीय.

वही मागे चाळली. २३ जुलै. ३० जुलै. ६ ऑगस्ट. २० ऑगस्ट.

नाव विचारलं नाही. विषय कुठला सोडायचाय ते विचारलं नाही. कुठला हवाय तेही विचारलं नाही. इथे येणाऱ्या ठार अनोळखी पोरीला मी पहिल्या वाक्यात हे तिन्ही विचारते.

आणि तिसरी सूचना माझ्याच हातची आहे.

दोन वाजले. मामा काच वाजवतायत.

३० ऑगस्ट, संध्याकाळ

फोन केला. तिसऱ्या वेळी उचलला. मी म्हटलं, "तुझी मैत्रीण म्हणजे तूच ना?" बरंच रडली. मीही. म्हणाली, पंधरा दिवस वर्गात गेले नाहीये, फॉर्म फाडून टाकलाय, आणि आता उद्याच्या दिवसात काय होणार आहे.

ह्यांना म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं. म्हणाले, "वाटत होतं." मग बोलला का नाहीत? "बोललो की." ह्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

प्रिन्सिपॉल साहेबांच्या घरी जाऊन उद्याची रजा मागितली. एकतीस ऑगस्टला तीन नंबरची रजा, बावीस वर्षांत झालेलं नाही. त्यांनी विचारलं, खिडकीत कोण बसणार? म्हटलं, तुम्ही बसा. आणि साहेब, उद्या आलेला एकही फॉर्म परत पाठवू नका. कागद पुरे असतील तर घ्या, नसतील तर कुठला नाही ते नाव घेऊन सांगा. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, जा तुम्ही.

पहिली बस साडेपाचला.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

लेकीच्या कॉलेजात, बाकावर बसून लिहितेय. ती भूगोलाच्या विभागप्रमुखांची सही आणायला गेलीय. दुपारचे तीन. खिडकी पाचला बंद.

मला हॉस्टेलच्या दारात बघून पहिलं काय म्हणाली, तर "मान वाकडी का धरलीयस?" वाळलीय पोर. खोलीत एकच कॉट. टाकी खरंच दिसते खिडकीतून. भिंतीवर सगळ्या गावाचा नकाशा चिकटवलाय, पेन्सिलनं काढलेला, एकेक बोळ, एकेक दुकान. वर्गात जात नव्हती तेव्हा दिवसभर चालत होती. मी त्या नकाशासमोर उभी राहिले. त्यात कॉलेजची इमारत सोडून सगळं होतं.

मी म्हटलं, "मला सरळ का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं की. घरी तूच सांगायचीस ना, मैत्रीण म्हणजे विचारणारी तीच. म्हणून तर मैत्रीण म्हटलं. मला वाटलं, तुला पहिल्याच दिवशी कळेल. मग वाटलं, कळलंय. कळूनच नाही म्हणतेयस. सही देणार नाहीस असंही म्हणालीस तू."

वर्षं वाचवते म्हणून मिरवत होते मी.

नवा फॉर्म आणला. मी पेन काढलं तर तिनं हात पुढे केला. म्हटलं, भर बाई तूच. अक्षर गिचमिड आहे, एक रकाना चुकला, खोडून पुन्हा लिहिला. पालकांच्या जागी मी सही केली.

तीच तारीख, पावणेपाच

विभागप्रमुखांची सही मिळायला साडेचार वाजले. खिडकीपाशी गेलो. आतली बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल, पण मान वाकडीच. तिच्याही काचेतलं भोक खाली आहे. पानं भरभर उलटली आणि वर न बघता म्हणाली, "एक कागद कमी आहे."

"कुठला?" मी म्हटलं.

तिनं वर बघितलं.

"कुठला ते नाव घेऊन सांगा," मी म्हटलं. "मी पण खिडकीतच बसते. बावीस वर्षं झाली."

तिनं लेकीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा एकदा पानं उलटली, या वेळी सावकाश. शिक्का मारला आणि पोच फाडून भोकातून सरकवली. मी म्हटलं, धन्यवाद. ती म्हणाली, "मला असंच शिकवलंय हो." मी म्हटलं, मलाही.

लेकीनं पोच चार वेळा वाचली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, नेमकं दुखऱ्या बाजूला. हलले नाही.

१ सप्टेंबर, शनिवार

बीपी १५८/९६. लिहून ठेवते, डॉक्टरीणबाई रागावल्या तर रागावू देत.

सकाळी साडेसातला ऑफिस उघडायला लावलं. मामा आणि मी दोघांनी मिळून सहाशे चाळीस पुस्तिकांतली सहावी सूचना काळ्या पेनानं खोडली. मामांनी कारण विचारलं नाही, फक्त दोन पेनं संपल्यावर तिसरं आणून दिलं. साडेदहाला स्वागत. पोरं पुस्तिका उजेडाकडे धरून खालचं वाचायचा प्रयत्न करत होती. इतकी वर्षं जे कुणी वाचलं नाही ते यंदा सगळे वाचतायत.

मग फाइल काढली आणि त्या गृहस्थांच्या घरी फोन लावला. तारीख काल गेली. दाखला परवाच माझ्या शिक्क्यानं गेला. आता काही होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तरी कळवते म्हटलं होतं.

फोन मुलीनं उचलला. आवाज लगेच ओळखला. मी म्हटलं, मी तीन नंबरच्या खिडकीतून बोलतेय.

ती म्हणाली, "बाबांना नाही सापडला तो कागद."

"बाळा, कागद नव्हताच. तुझं सगळं पुरं होतं. मी उगीच परत पाठवलं."

"म्हणजे आठ दिवसांनी आले असते तर घेतला असतात?"

"हो."

"तसाच?"

"तसाच."

पलीकडे कुठेतरी पत्र्याची पेटी सरकवल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, माझं चुकलं. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

"थांबा," ती म्हणाली, "बाबा अजून शोधतायत. आधी त्यांना सांगून येते."